लांब बोळातली भिंत

१

पूर्णिमाचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. ते पुस्तक संपलं, तसं पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं. मग तिसऱ्यात. उत्तर मात्र गेलं नाही.

उत्तर काही अवघड नव्हतं. दोन ओळींचं काम होतं.

‘सर,’ तिनं लिहिलं होतं, ‘तुम्ही शहापुरात राहत होता तेव्हा रोज लांब बोळातून कॉलेजला यायचा. तो बोळ आरपार उघडा होता, एवढंच मला लिहून द्या. दुसऱ्या कुणाला विचारावं, मला सुचत नाही.’

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. पूर्णिमा विद्यार्थिनी असताना खिडकीजवळच्या टेबलावर बसून शहरांवरची जाडजूड पुस्तकं वाचायची. पुढं तिनं तेच काम धरलं. शिंपी अंगाचं माप घेतो तसं ती शहराचं माप घेते. गल्ली किती रुंद, किती लांब, कुठं जाऊन मिळते, कुठं कोंडते, घराचं तोंड किती फुटांचं, दारं कोणत्या अंगाला. ही सगळी मापं शेजारी शेजारी मांडली की शहराचा स्वभाव दिसायला लागतो, असं ती म्हणते. बेळगावचं असं माप घ्यायचं काम एका मोजणी कचेरीनं काढलं होतं, आणि शहापूर, वडगाव हा भाग तिच्याकडं आला होता. टेप घेऊन तिनं तो सगळा पायी मोजला होता.

तिच्या नकाशात लांब बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा होता. नंतर कचेरीची माणसं तपासणीला गेली, तर बोळाच्या मधोमध भिंत. वीट जुनी, शेवाळलेली. बोळातल्या सगळ्यांनी सांगितलं, भिंत वाडवडिलांपासून आहे. मग कचेरीनं सरळ अर्थ काढला: पोरीनं घरी बसून आकडे भरले. एक बोळ खोटा, तर बाकीच्या मोजणीवर कोण विश्वास ठेवणार? सगळं काम रद्द होणार होतं आणि खोटी मोजणी केली म्हणून तिला काढून टाकणार होते.

‘वरून घेतलेल्या फोटोत काही दिसत नाही, दोन्हीकडचे पत्रे एकमेकांवर आलेत,’ असंही तिनं लिहिलं होतं. ‘आणि मधल्या भागाचा फोटो मी काढला नाही. तिथल्या न्हाणीत कुणी बाई आंघोळ करत होती. तेवढं माझं चुकलं.’

मला तो बोळ आठवत होता. पुस्तकं छातीशी धरून, एका भिंतीला अंग घासत, आडवं आडवं चालणं आठवत होतं. पण तो हाच बोळ होता का? शहापुरात बोळ काय थोडे आहेत? आणि परवाच मी माझ्या सुनेला, दिपालीला, ‘राणी’ म्हणून हाक मारली होती. राणी माझी बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. अशा माणसाच्या आठवणीवर एका मुलीची अब्रू टांगायची?

‘मला चांगलं आठवतं,’ असं मी लिहिलं आणि खोडलं. ‘मला वाटतं,’ असं लिहिलं. तेही खोडलं.

दिपाली रोज बघत होती. एक दिवस ताट वाढता वाढता म्हणाली, “आप्पा, ते पत्र उत्तर मागतंय. पुस्तकं वाचायला न्हाय आलेलं.”

“नक्की आठवत नाही गं.”

“मग जाऊन बघून या की. बस दारातनं जाती. तिथं काय वाघ बसलाय?”

वाघ नव्हता. माणसं होती, आणि मला माणसांचीच जास्त भीती वाटते. तरी गेलो.

पिरनवाडीत, आमच्या नव्या वसाहतीत, सगळे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आहेत. चुकायची सोयच नाही. शहापुरात उतरल्यावर मात्र पायांना आपोआप वळणं सुचायला लागली. रवळूची चहाची टपरी, तिच्या बगलेतून आत शिरणारा बोळ, मागाचा खडखडाट. मला बरं वाटलं. पाय विसरले नव्हते.

मग पाय थांबले. समोर भिंत होती.

ओळीनं लुगडी वाळत घातलेली, त्यांच्या वरून दिसणारी काळपट विटांची भिंत. बोळाच्या तोंडाजवळच्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी सूत उकलत बसली होती. बायाक्का. तिनं मला लगेच ओळखलं.

“अवो मास्तर! किती वर्सांनी आलासा!” आणि मी काही विचारायच्या आधीच तिनं भिंतीकडं हात केला. “ही व्हय? ही माझ्या लग्नाच्या आधीपासनं हाय.”

२

मी मास्तर कधीच नव्हतो. पण शहापुरात ज्याच्या हातात पुस्तक तो मास्तर.

बायाक्कानं पाणी दिलं. तिच्या मागच्या खोलीत एकच हातमाग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा, जुन्या पद्धतीचा. गल्लीत बाकी यंत्रमाग आले, पण या बोळात अजून चार घरं हातमाग धरून आहेत, असं तिनं अभिमानानं सांगितलं. घरं सगळी सारख्या रुंदीची. मी कुठंतरी वाचलं होतं की विणकराच्या घराची रुंदी मालक ठरवत नाही, माग ठरवतो. मागाची जागा आणि शेजारून एक माणूस जाईल एवढी वाट. ते खरं असावं.

“आक्का,” मी भीत भीत म्हणालो, “मी इथून रोज जात होतो, असं मला आठवतं.”

“दुसऱ्या बोळातनं जात असशीला.”

“पुस्तकं घेऊन.”

“पुस्तकं वाचून वाचून माणसाचं आसंच हुतंय बघा.” ती हसली, पण सुताकडं बघत हसली. बायाक्का पूर्वी माणसाच्या डोळ्यात बघून बोलायची.

तेवढ्यात तम्मण्णा आला. तिचा धाकटा दीर, तोही विणकर. बोळाच्या तोंडाशी एक गुडघाभर उंचीचा दगड जमिनीत रोवलेला आहे, त्यावर तो टेकला. दगडाच्या पोटाला घासून घासून पडलेली खोल खाच होती.

“काय मास्तर, भिंत बघायला आलासा? आता तिकीट लावावं म्हणतो. कचेरीतली चार माणसं येऊन गेली.”

“तम्मण्णा, ही भिंत कुणी बांधली?”

“आमचा आजा. न्हायतर त्याचा आजा. आम्ही जन्मायच्या आधीचं आम्हांस काय म्हाईत?”

“आणि मग याला लांब बोळ का म्हणतात?”

“का म्हंजे? आमच्या आत्तीचं नाव सुंदराबाई हुतं. तुम्ही तिला बघितलं न्हाईसा.”

दोघंही हसले. मलाही हसू आलं, आणि माझा मुद्दा हसण्यात वाहून गेला.

भिंतीजवळ गेलो. अंगाला गारवा लागला. दोन्हीकडच्या पत्र्यांमुळं तिथं ऊन येत नसावं. विटांवर हिरवं शेवाळ होतं, पण चौकोनी ठिपक्यांसारखं. एक वीट हिरवी, शेजारच्या दोन कोरड्या, वर पुन्हा एक हिरवी. फरशीवर खळीचे पांढरे डाग पडले होते. सुताला लावतात ती खळ. डागांची ओळ बोळाच्या तोंडापासून निघून सरळ भिंतीच्या पायापर्यंत आली होती. भिंतीच्या अलीकडं उजव्या हाताला जुन्या लुगड्याचा पडदा लावलेला, आत बादली आणि तांब्या.

“न्हाणी व्हय ती,” बायाक्का घाईनं म्हणाली. “दिवाळीत पडली भिंत. वीट महाग झालीया, म्हून पडदा.”

तम्मण्णा एकदम खोकला. मी विचारलं, “भिंतीवरची लुगडी काढून बघू का जरा?”

दोघंही एका आवाजात म्हणाले, “ओली हाईत!”

जवळच्या लुगड्याला माझा हात लागला होता. ते ठणठणीत कोरडं होतं.

३

मी वळसा घालून भिंतीच्या पलीकडं गेलो. वळसा मोठा होता. बाजारपेठेतून, देवळाला वळून, दोन गल्ल्या चढून. माझे गुडघे बोलायला लागले.

पलीकडच्या तोंडाशी रायगोंडाचं साड्यांचं दुकान. हा गृहस्थ निपाणीकडचा, जैन. घरचा तंबाखूचा व्यापार भावाला सोडून काही वर्षांपूर्वी इथं आला. बोळाची उरलेली अर्धी लांबी त्याच्याच बाजूला आली होती, आणि तिथं त्याचा टेम्पो भिंतीला नाक लावून उभा होता. माझ्या मनात लगेच आलं: हाच. भिंत झाली तर फायदा कुणाचा? टेम्पोला फुकट जागा मिळाली त्याचा!

टेम्पोच्या मागं मला एक दगड दिसला. गुडघाभर, रोवलेला, पोटाला खाच. रायगोंडानं आपली स्कूटर त्याला साखळीनं बांधली होती.

“या या, मास्तर,” रायगोंडानं गादीवर जागा केली. “काय घेता, इरकल दाखवू? सूनबाईंना?”

“नाही, मी भिंतीबद्दल...”

“भिंत!” त्यानं हात जोडले. “आप्पा, मी बाहेरचा माणूस. मी आलो तवा हुती की भिंत. दुकान घेताना भिंती मोजायच्या का गिऱ्हाईकं?”

“टेम्पो तिथंच लावता?”

“जागा हाय तर लावतो. उद्या जागा न्हाय म्हटली तर काढतो. कुणाशी भांडण न्हाय आपलं.” फोनवर तो कुणाशी तरी कानडीत बोलला, मग माझ्याकडं वळला. “चहा सांगितलाय. रवळूचा. त्याच्याशिवाय दुसरा चहा मला उतरत न्हाय.”

बोलणं संपलं. मला बोलणं वाढवता येत नाही. भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी बघत बसलो. असा गोड बोलणारा माणूस खोटं बोलत असेल तर ते मला कधी कळणार? पुस्तकातली माणसं खोटं बोलताना लेखक तरी काही सुचवतो.

बऱ्याच वेळानं रवळू आला, घामाघूम, हातात चहाचे कप अडकवलेला तारेचा कप्पा. रायगोंडानं कप तोंडाला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काय रं हे रवळू? दिवाळीपासनं रोज गार चहा. आधी कसा जीभ भाजायचा!”

रवळूनं त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. रायगोंडाचा कप तोंडाशीच राहिला.

“देवळाला वळसा घालून यायचं म्हटल्यावर...” रवळू बोलता बोलता थांबला आणि रिकामा कप्पा उचलून निघून गेला.

मी माझा कप घेतला. चहा गार होता, वर साय धरलेली. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. गेल्या कित्येक दिवसांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी म्हातारा झालो होतो, पण भ्रमिष्ट झालो नव्हतो.

“मास्तर,” रायगोंडा हळू आवाजात म्हणाला, “गार चहाचं मनावर घेऊ नका. काही गोष्टी गारच बऱ्या.”

भिंत नवी होती. मग इतकी साधी माणसं एकदम, एका तोंडानं खोटं का बोलत होती?

४

दुसऱ्या दिवशी मी मोजणी कचेरीत गेलो. दारातून दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा आत गेलो. माझा संशय आता साईनाथवर होता. तो पूर्णिमाच्या बरोबरीचा, त्यानंच भिंत बघून अहवाल दिला होता. ती गेली तर तिची जागा त्याला मिळेल, असं मला शिपायानं न विचारता सांगितलं.

साईनाथ तिशीतला, दाढी वाढलेला. त्यानं मला बसायला खुर्ची पुसून दिली.

“सर, मला काय आनंद झाला असेल का?” तो म्हणाला. “आम्ही एका डब्यात जेवतो. पण भिंत दिसली ती दिसली. भिंत नाही असं कसं लिहू?”

“विटांवरचं शेवाळ पाहिलं?”

“पाहिलं की. म्हणून तर जुनी म्हटलं.”

“या मोजणीचं पुढं काय होतं?” मला ते नीट माहीत नव्हतं. मी शहरांवरची पुस्तकं वाचली आहेत, कचेऱ्यांवरची नाहीत.

त्यानं कागदावर दोन रेघा काढल्या. “बोळ दोन्ही टोकांना उघडा असला की आम्ही तो रस्ता धरतो. रस्ता म्हटलं की गाडी गेली पाहिजे. मग दोन्हीकडची घरं तोंडाकडून कापायची.” मग त्यानं एका रेघेचं टोक बंद केलं. “हा बंद बोळ. हा त्या घरांच्या अंगणासारखा. याला हात लावत नाही.”

“तोंडाकडची खोली जाते म्हणजे...”

“लांब बोळात तोंडाकडच्या खोलीत उभं सूत गुंडाळायची चौकट असते, सुताची पिंपं असतात. ती गेली की मागच्या खोलीत मागाला हलायला जागा उरत नाही. वाईट वाटतं, सर. बायाक्का इथं कचेरीत येऊन रडायला लागल्या तेव्हा मी त्यांना म्हटलंसुद्धा, तुमचा बोळ बंद असता तर...”

त्यानं पेन खाली ठेवलं.

“हे कधी म्हणाला होता तुम्ही?”

“पूर्णिमाची मोजणी झाल्यावर. दसऱ्याच्या सुमारास.” त्याचा चेहरा उतरला. “सर, भिंतीची कल्पना मीच दिली की काय?”

मी मनात दिवस जुळवत होतो. न्हाणी दिवाळीत पडली होती. न्हाणीची भिंत रोज ओली होते, तिच्या विटा हिरव्या होतात. त्या विटा काढून दुसरीकडं रचल्या तर हिरव्या आणि कोरड्या विटांची सरमिसळ होते. जुन्या भिंतीवर शेवाळ सांध्यावरून पसरत जातं. या भिंतीवर ते एकेका विटेपुरतं होतं. पूर्णिमाला मधला फोटो काढू न देणारी न्हाणीच आता भिंत होऊन मधोमध उभी होती.

कोडं सुटलं होतं, आणि मला अजिबात आनंद होत नव्हता. खरं लिहिलं तर पूर्णिमा वाचत होती आणि बायाक्काचा माग जात होता. लिहिलं नाही तर उलट. माझ्यासारख्या माणसाच्या हातात कुणी असा तराजू देऊ नये.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. लुगडी. जिथं ऊन येत नाही तिथं कोरडी लुगडी कशाला वाळत घालायची? भिंत जुनी दिसावी म्हणून इतका खटाटोप करणाऱ्यांनी भिंतीवर झाकायला काय ठेवलं होतं?

५

त्यानंतर मी कुणाला न सांगता सकाळी सकाळी गेलो. रवळूनं मला बघितलं आणि किटली खाली ठेवली, पण आतल्यांना हाक मारायला त्याला उशीर झाला होता. मी बोळात शिरलो होतो.

बोळ सुतानं भरला होता.

तोंडाशी असलेल्या त्या खाचेच्या दगडाला दोर बांधून ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, ताणलेला. ओल्या सुताचा पट्टा, साडीच्या पन्ह्याएवढा रुंद, कमरेच्या उंचीवर, सरळ. तम्मण्णा एका बाजूनं आणि त्याची बायको गुणाबाई दुसऱ्या बाजूनं कुंच्यानं खळ फिरवत चालले होते. खळीचा आंबूस वास आला आणि मला सगळं आठवलं. पुस्तकं छातीशी धरून, भिंतीला अंग घासत मी का चालत होतो ते. पुस्तकांना खळ लागू नये म्हणून.

ताणा भिंतीपर्यंत गेला होता. आणि भिंतीतून पलीकडं गेला होता.

लुगडी आज काढलेली होती. भिंतीत कमरेच्या उंचीवर विटांचा एक थर सोडलेला होता, वर लाकडी फळी टाकून. त्या आडव्या फटीतून सूत पार पलीकडं, टेम्पो हलवून मोकळ्या केलेल्या जागेतून, रायगोंडाच्या स्कूटरच्या दगडापर्यंत पोचलं होतं.

मला पहिल्यांदाच त्या भिंतीवर प्रेम आलं. जगात दुसऱ्या कुणी अशी भिंत बांधली नसती. चोरानं नाही, बिल्डरनं नाही. बोळ बंद करायचा, पण बोळाची लांबी सोडवेना.

तम्मण्णाच्या हातातला कुंचा थांबला. खळ ठिबकत राहिली.

“मास्तर,” बायाक्का दारातून म्हणाली, “आज सांगितलं न्हाईसा, येणार म्हून.”

“आक्का, सूत वाळायच्या आत कुंचा फिरवा. नाहीतर गुठळ्या होतील.” हे मला कसं सुचलं, देव जाणे.

गुणाबाईनं कुंचा पुन्हा चालवला. मी उंबऱ्यावर बसलो आणि खाली बघत जे सांगायचं ते सांगितलं. गार चहा, न्हाणीच्या विटा, कोरडी लुगडी, दोन दगड. शेवटी तम्मण्णा म्हणाला, “सांगा मग कचेरीत. आमचा माग मोडला की तुम्हांला बक्षीस देतील.”

“मला कचेरीनं नाही पाठवलं. पूर्णिमानं पत्र लिहिलं.”

“कोण पूर्णिमा?”

“मोजायला आली होती ती मुलगी. तिनं बोळ उघडा लिहिला म्हणून तिला खोटी ठरवलंय. तिची नोकरी जाणार आहे.”

बायाक्काच्या हातातली सुताची गुंडी खाली पडून घरंगळत गेली.

“ती टेपवाली? चष्म्याची?” ती म्हणाली. “अवो, ती हितं बसून पोहे खाऊन गेलती. मी न्हाणीत हुते तर बाहेर तोंड फिरवून हुभी ऱ्हायलेली. तिला कशाला काढतात?”

“तुम्ही सांगितलंत, भिंत आजाच्या आजानं बांधली. मग ती आत कशी चालली, असं विचारतात.”

“हे साईनाथ बोलला न्हाय आमास्नी.”

“आक्का,” तम्मण्णा पुढं आला, “पोरीला दुसरी नोकरी मिळल. आपल्याला दुसरा बोळ मिळल का?”

“गप रं.” ती त्याच्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत होती. “माग वाचवायला भिंत बांधली. पोरीच्या पोटावर न्हाय बांधली.”

“मग काय पाडायची? आणि गाड्या आल्या की बघत बसायचं?”

मी ताण्याकडं बघत होतो. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत. आणि जे इतके दिवस पुस्तकांत वाचत होतो ते समोर होतं, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. चुकलो तर?

“माझं चुकत असेल,” मी म्हणालो. “पण बोळ आधी झाला आणि मग त्यात सूत ताणायला लागले, असं इथं नाही झालेलं. सूत किती लांब ताणायचं ते आधी ठरलं. मग दगड रोवले. मग त्यांच्या दोन्ही अंगांना घरं बसली. हा बोळ ताण्याच्या मापाचा आहे. म्हणून तो एवढा सरळ आहे, शहापुरात दुसरा कुठला बोळ असा सरळ नाही. हा रस्ता नाही, आक्का. चार घरांची मिळून एक कामाची जागा आहे, तिला छप्पर तेवढं नाही. कचेरीच्या तक्त्यात उघडा आणि बंद अशी दोनच घरं, म्हणजे रकाने, आहेत, म्हणून तुम्ही बंद झालात. पण भिंत असली की ही जागा अर्धीच दिसते. भिंत काढली तरच पुरी दिसेल.”

“आणि कचेरीनं मानलं न्हाय तर?”

“तसं होऊ शकतं,” मी म्हणालो. खोटा धीर देणं मला जमत नाही.

बायाक्कानं उंबऱ्यावरचा खळीचा थेंब बोटानं पुसला. मग उठून तिनं पदर खोचला.

“सूत वाळू दे,” ती म्हणाली. “मग माझी न्हाणी मला परत द्या. थंडीत पडद्याआड न्हाऊन न्हाऊन खोकला झालाय.”

६

साईनाथला मी बोलावलं. फोनवर माझा आवाज इतका बारीक झाला की त्याला दोनदा विचारावं लागलं. तो आला तेव्हा तम्मण्णा फळी काढत होता आणि पलीकडच्या बाजूला पडलेल्या विटा रायगोंडाच्या टेम्पोत भरल्या जात होत्या, वळसा घालून न्हाणीकडं न्यायला. मग भिंत गुडघ्याएवढी झाली आणि त्यांनी विटा सरळ हातोहात दिल्या.

साईनाथनं दोन्ही दगडांच्या मधे टेप धरली. आकडा वाचला, खिशातून पूर्णिमाच्या मोजणीची प्रत काढली आणि तिच्याकडं बघत राहिला.

“इंचाचा फरक नाही,” तो म्हणाला.

“भिंत दिवाळीची,” बायाक्का त्याला म्हणाली. “आम्ही बांधली. खोटं आम्ही बोललो. असंच लिवा, मी अंगठा देते. आणि सूतबी मोजून घ्या.”

“सुताचं घर आमच्या तक्त्यात नाही, आक्का.”

“मग घर काढा की! एवढं शहर मोजताय, एक घर काढायला काय हुतंय?”

साईनाथला हसू आलं. त्यानं तक्त्याच्या कडेला पट्टी न घेता एक रेघ मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं. ते पुढं कुणी मान्य करेल का, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नव्हतं.

मी उंबऱ्यावर बसून पत्र लिहिलं. या वेळी खोडलं नाही. ‘चि. पूर्णिमा, लांब बोळ आरपार उघडा आहे. मी त्यातून रोज जात होतो. तुझी मोजणी बरोबर आहे.’ बायाक्काला वाचून दाखवलं.

“खरं हाय,” ती म्हणाली. “पण एवढंच? सगळं लिवा.”

म्हणून सगळं लिहिलं. दगड, खळ, ताणा, घरांची रुंदी, फट ठेवलेली भिंत. लोक खोटं का बोलले ते. साईनाथ काय चुकून बोलून गेला ते. आणि मी इतके दिवस उत्तर का दिलं नाही, तेही एका ओळीत. शेवटी लिहिलं, की बोळ किती लांब-रुंद आहे हे तू अचूक मोजलंस, आता तो कशासाठी एवढा आहे हेही मोजणीत घाल. ते कसं घालायचं मला सांगता येत नाही. ते तुला जमेल.

टपालपेटी रायगोंडाच्या दुकानाशेजारी आहे. पाकीट घेऊन निघालो तर बोळात पुन्हा ताणा चढला होता, शेजारच्या घराचा. रवळू कप्पा घेऊन माझ्या पुढं उभा होता. चहाची वाफ दिसत होती.

“जाऊ दे की गं,” त्यानं गुणाबाईला सांगितलं. “गार हुतोय.”

“हुं दे. हात फिरवून हुईस्तोवर कोण जात न्हाय.”

रस्ता असता तर आम्ही हक्कानं गेलो असतो. आम्ही थांबलो. रवळू कुरकुरत थांबला, पलीकडून येणारी एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबली. सुतावरून कुंचा शेवटचा फिरला, तेव्हा गुणाबाईनं मान हलवली. मग मी पाकीट छातीशी धरलं, भिंतीला अंग घासत, आडवा आडवा, बोळातून सरळ पलीकडं गेलो आणि ते पेटीत टाकलं.